ग्वाल्हेरची थंडी तोंडावर आलीय, घराचं काय काय करू?

मनवा_लष्कर
नमस्कार मंडळी. मी मूळची ठाण्याची. नवऱ्याची बदली झाली म्हणून एप्रिलपासून ग्वाल्हेरला आहे. शहराच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या बाजूला एका जुन्या वाड्याचा वरचा मजला भाड्याने घेतलाय. आल्या आल्या उन्हाने भाजून काढलं, त्यातून सावरतोय तोवर दिवाळी झाली, आणि आता घरमालकीण काकू जिन्यात भेटल्या की एकच विचारतात, "काय गं, थंडीची तयारी झाली का?" मी हो हो म्हणून सटकते. स्वेटर बाहेर काढण्यापलीकडे थंडीची तयारी काय असते ते कुणी सांगेल का?

घर असं: दगडी पटियांचं (लांब दगडी फळ्यांचं) छत, १४ फूट उंच खोल्या, भिंतीत अगदी वर झरोके, खाली दगडी फरशी, लाकडी दारं-खिडक्या. हॉलच्या एका खिडकीत पत्र्याचा भला मोठा कूलर. घरात सासूबाई (वय ७४, गुडघे दुखतात) आणि चार वर्षांचे चिरंजीव. हीटर घ्यायचा तर कोणता? झरोके बुजवायचे का? रजया विकत घ्याव्या की भरून घ्याव्या? खर्च बेताचा हवा, घर आपलं नाही.

बडोदेकर_बापू
बडोद्यात थंडीची तयारी म्हणजे पंखा बंद करणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू करणे.

गराडूप्रेमी
इंदुरात आम्ही थंडीची वाट बघतो ती सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खायला. घराची तयारी वगैरे ऐकलं नाही कधी. वाचतोय.

जुना_ग्वाल्हेरकर
वरच्या दोघांकडे लक्ष देऊ नका. माळव्याची आणि गुजरातची थंडी पाहुणी म्हणून येते, आमच्याकडे ती मुक्कामाला येते. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर पारा पाचच्या खाली जाणं काही विशेष नाही. हवामान खातं मैदानी भागात ४ अंशांवर थंडीची लाट जाहीर करतं, तो आकडा आमच्याकडे पेपरात दिसतो. पण रात्रीपेक्षा वाईट तो कोहऱ्याचा, म्हणजे दाट धुक्याचा दिवस. सूर्य दिसतच नाही, दुपारी दोन वाजताही हात गार, आणि दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या किती उशिरा येतील ते देवालाही ठाऊक नाही.

आता मुद्द्याचं. मनवाताई, तुमचा वाडा बांधला आहे तो मे महिन्यासाठी. उंच छत, जाड दगड, वर झरोके, हे सगळं ४५ अंशांत माणूस जगावा म्हणून. तेच घर जानेवारीत उलटतं. म्हणून इथली तयारी म्हणजे उन्हाळ्यासाठी जे जे केलं ते उलटं करणं.

पहिलं काम कूलर. खिडकीत तो तसाच राहिला तर घराला दोन बाय दोन फुटांचं भोक ठेवल्यासारखं आहे. टाकीतलं पाणी काढा, तळाला खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल तो खरवडा, नाहीतर मार्चपर्यंत पत्रा खाल्लेला असतो. पंप काढून, पुसून, घरात ठेवा. गवताच्या जाळ्या उन्हात कडकडीत वाळवून टाकून द्या, पुढल्या वर्षी नव्याच लागतात, जुन्या ठेवल्या तर त्यात उंदीर नांदतात. कूलर उतरवता येत असेल तर उतरवा आणि त्या जागी प्लायवूडचा तुकडा मापाने कापून ठोकून घ्या. उतरत नसेल तर आतल्या तोंडावर प्लाय लावा. बरेच लोक जुनी चादर बांधतात. चादरीतून वारा येतोच, वर ती धूळ धरते.

आदिती_थाटीपूर
अनुमोदन. एक भर घालते: पावसाळ्यात फुगून न लागणाऱ्या खिडक्यांना सुताराकडून रंधा मारून घेतला असेल तर आता पंचाईत आहे. लाकूड थंडीत कोरडं होऊन आकसतं. ऑगस्टमध्ये घट्ट बसणारी खिडकी डिसेंबरात अंगठ्याएवढी फट दाखवते. रात्री दिवे बंद करून एक जण बाहेर गॅलरीत मोबाइलचा टॉर्च घेऊन फिरा, एक आतून बघा. जिथे उजेड दिसतो तिथे फोमची चिकटपट्टी. हार्डवेअरवाल्याकडे मिळते, स्वस्त असते. दाराखाली जुन्या साडीची गुंडाळी किंवा वाळू भरलेली कापडी वळकटी.

कॅल्गरीचा_केशव
आमच्याकडे कॅनडात ऑक्टोबरातच अंगणातल्या नळाचं पाणी आतून बंद करून पाइप रिकामा करावा लागतो, घर तापवणाऱ्या भट्टीचा फिल्टर बदलावा लागतो, छपराच्या पन्हळीतली पानं काढावी लागतात. पाण्याचा बर्फ झाला की ते ९ टक्के फुगतं आणि पाइप उभा फुटतो. तुम्ही बाहेरच्या पाइपांना काही गुंडाळलंय का?

जुना_ग्वाल्हेरकर
केशवराव, आमचे पाइप फुटत नाहीत, माणसं फुटतात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी सहाला अंगावर घेऊन बघा.

केदार_गच्चीवाला
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण केशवच्या प्रश्नात तथ्य आहे. पाइप फुटणार नाहीत, पण टाकी ते न्हाणीघर हा उघडा पाइप रात्रभर गारठतो आणि गीझरला तेवढं जास्त तापवावं लागतं. पाइपवर काळी फोमची नळी चढवा. बोअरिंग असेल तर पहाटे ताजं पाणी वर चढवा, जमिनीखालचं पाणी थंडीत कोमट लागतं, टाकीत रात्रभर राहिलेलं बर्फ.

आणि ऊन! ग्वाल्हेर २६ अंश अक्षांशावर आहे. २१-२२ जूनच्या सुमाराला माध्यान्हीचा सूर्य ८७ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. २१-२२ डिसेंबरच्या सुमाराला जेमतेम ४० अंशांवर. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत जूनमध्ये छज्जा ऊन अडवतो आणि डिसेंबरात तेच ऊन तिरपं होऊन थेट आत येतं. खिडकीची चौकट सात फुटांपर्यंत असेल आणि छज्जा आड येत नसेल तर भर दुपारी ऊन आठ फूट आत पोचतं. उन्हाळ्यात लावलेले जाड पडदे दक्षिणेच्या खिडकीवरून दिवसा बाजूला करा, चार वाजले की पुन्हा ओढा. तुमच्या सासूबाईंची खुर्ची कुठे ठेवायची ते ऊनच सांगेल. फुकट आहे.

स्मिता_कं
मनवा, हीटरबद्दल मी सांगते, आमच्याकडे तिन्ही प्रकार होऊन गेलेत. ब्लोअर: लगेच गरम, आवाज भयंकर, नाक-घसा कोरडा. क्वार्ट्झ किंवा हॅलोजन: ४०० ते १२०० वॅट, समोर बसलेल्याला लगेच ऊब, पण नळ्या लाल तापतात, चार वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर. तेलाचा रेडिएटर: तापायला वेळ लागतो, महाग, जड, पण त्याला उघडी तार नाही, ज्योत नाही, आणि बंद केल्यावरही बराच वेळ ऊब धरतो. २००० वॅटचा पूर्ण चालला तर तासाला २ युनिट. थर्मोस्टॅट असतो म्हणून सलग पूर्ण चालत नाही. लहान मूल असताना मी तोच घेईन.

पण १४ फुटी हॉलमध्ये कुठलाही हीटर लावू नकोस. तेवढ्याच फरशीच्या १० फुटी खोलीपेक्षा ४० टक्के जास्त हवा तापवायची, आणि तापलेली हवा जाऊन बसणार पटियांखाली. पाली खूश, तुम्ही गार. सगळ्यात लहान खोली निवडा, रात्री सगळे तिथे.

तानसेनी
आम्ही अजून सिगडी वापरतो. लाकडी कोळसा, घमेल्यात राख पसरून त्यावर निखारे. कुठला हीटर ती मजा देत नाही. आजी पलंगाखाली ठेवायची, सकाळपर्यंत खोली उबदार. वीजबिल शून्य. झरोके थर्मोकोलने बुजवा, दाराला वळकटी लावा आणि सिगडी ठेवा, बघा कशी झोप लागते ते.

डॉ_चकली
तानसेनी, कृपा करून हा सल्ला काढून टाका. झोप लागते हेच तर भयंकर आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जोरात त्याला धरून बसतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग ग्लानी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काही कळतच नाही. दर जानेवारीत उत्तर भारतात अख्खी कुटुंबं बंद खोलीत सकाळी सापडतात. मी रुग्णालयात अशी माणसं आणलेली पाहिली आहेत. वाचलेल्यांच्याही डोक्यावर परिणाम राहिलेले पाहिले आहेत.

बंद न्हाणीघरातला गॅस गीझर हाही याच यादीतला.

तानसेनी
डॉक्टर, आमची आजी ९० वर्षं जगली. पलंगाखाली सिगडी ठेवून.

डॉ_चकली
तुमच्या आजीच्या खोलीला झरोके होते ना? कौलातून, दारांच्या फटींतून वारा फिरत होता ना? मग सिगडीने नव्हे, त्या फटींनी आजीला वाचवलं. तुम्ही एकाच प्रतिसादात झरोके बुजवा म्हणता आणि सिगडी ठेवा म्हणता. या दोन गोष्टी एका खोलीत नकोत, एवढंच माझं म्हणणं. निखारे हवेत तर अंगणात, गॅलरीत, शेकून झालं की विझवून आत.

जुना_ग्वाल्हेरकर
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडेही सिगडी अंगणातच असते. आणि मनवाताई, झरोके सगळे बुजवू नका. वाऱ्याच्या बाजूचे, म्हणजे उत्तर-पश्चिमेचे बंद करा, समोरच्या भिंतीतला एक उघडा राहू द्या. घरात चार माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, वाळत घातलेले कपडे. सगळं कोंडलं तर भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते, मागे कपाट असेल तर कळतही नाही. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

पिंपळपान
(पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.)

तानसेनी
बरं बाबा, अंगणात. भांडायचं नाही. पण निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याची सर गॅसला नाही, एवढं तरी मान्य करा. चंपाषष्ठी येतेच आहे.

डॉ_चकली
ते मान्य. अंगणात.

नीलाक्का
रजयांवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मनवा बाळ, बाजारातली पॉलिस्टरची मऊ मऊ ब्लँकेटं दिसायला छान, पण दोन तासांत घाम आणि पाय बाहेर काढला की गारठा. मुलाला ठीक, धुवायला सोपी. सासूबाईंना कापसाचीच रजई हवी. नवी घेऊ नकोस, भरून घे. काकूंकडे जुन्या रजया माळ्यावर असतीलच, त्यांना विचार. जुना कापूस दबून गठ्ठे झालेला असतो, तो पिंजला की पुन्हा फुलतो, थोडी नवी रुई मिसळायची. एका माणसाच्या रजईला अडीच-तीन किलो रुई पुरते. त्याहून जड करू नकोस, म्हाताऱ्या माणसाला कूस बदलता येत नाही.

दुकानात समोर उभी राहा. पिंजताना कापूस बदलला जातो, हे सगळे म्हणतात आणि ते नेहमीच खोटं नसतं. पिंजलेली रुई खोळीवर पसरली की कारागीर वर काठीने थोपटतो, मग कोपऱ्यातून गुंडाळत खोळ उलटी करतो आणि सगळी रुई आत जाते. बघण्यासारखं असतं. मग लांब सुईने टाके. टाके जवळ जवळ घालायला सांग, वीतभर अंतराचे टाके असले की फेब्रुवारीपर्यंत सगळी रुई पायाशी. आणि आत्ताच जा. पहिला गारठा पडला की सगळं लष्कर रांगेत असतं.

रजईखाली अंगाला लागून एक पातळ सुती चादर किंवा आपली गोधडी, वर रजई. वरच्या पांघरुणाइतकंच खालचंही बघ. गादीखाली सतरंजी दुहेरी घाल, थंडी खालून पण येते.

पिंपळपान
नीलाक्का, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

गराडूप्रेमी
अवांतर: हीटर, ब्लँकेट वगैरे मेळ्यात स्वस्त मिळतात ना? ग्वाल्हेरचा मेळा फार ऐकलाय.

आदिती_थाटीपूर
मेळा १९०५ सालचा, तेव्हाचे महाराज माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला, मुळात गुरांचा बाजार. आता तिथे गुरांपेक्षा गाड्या जास्त, रोड टॅक्सच्या सवलतीसाठी लोक वर्षभर गाडी घ्यायचं थांबतात. पण तो सुरू होतो डिसेंबर सरता सरता आणि रंगात येतो जानेवारीत. हीटरसाठी मेळ्याची वाट बघणारा माणूस अर्धी थंडी कुडकुडत काढतो. मेळ्यात जायचं ते पापड, चाट आणि पाळण्यांसाठी. आणि गजक, तिळाची खुसखुशीत मिठाई! पण ती मुरैन्याची की ग्वाल्हेरची यावर इथे वाद नको, डॉक्टर आणि तानसेनी नुकतेच शांत झालेत.

बडोदेकर_बापू
गजक कुणी पाठवणार असेल तर पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. थंडी तुमच्याकडेच ठेवा.

तानसेनी
मुरैन्याची.

जुना_ग्वाल्हेरकर
ग्वाल्हेरची. तीळ जास्त वेळ कुटलेला असतो.

स्मिता_कं
स्वयंपाकघरातल्या बारीकसारीक गोष्टी राहिल्या. दही लागत नाही, तर दूध नेहमीपेक्षा गरम असताना विरजण जरा जास्त घाल आणि भांडं गव्हाच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेव. खोबरेल तेलाची बाटली गोठते, ती रुंद तोंडाच्या बरणीत काढ. रात्री भांड्यांत साधं पाणी घालून ठेव, नाहीतर सकाळी तुपाचा थर गार पाण्याने निघत नाही. बाईसाठी सिंकला गरम पाण्याची सोय कर, तिचेही हात आहेत.

तुळस भिंतीच्या आडोशाला आण. पाला (गोठलेलं दव) पडला की पानं जळल्यासारखी काळी होतात. रात्री वरून सुती कापड, सकाळी काढायचं. प्लॅस्टिक नको, पानांना चिकटून अजून जाळतं.

मनवा_लष्कर
बाप रे, दोन दिवस आले नाही तर केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचं काम सांगते.

कूलर उतरवायला दोन माणसं लागली. तळाचा पांढरा थर सुरीने निघाला नाही, शेवटी व्हिनेगर घालून रात्रभर ठेवला तेव्हा पापुद्रे सुटले. आत एक पाल, एक हरवलेला चमचा आणि चिरंजीवांच्या दोन गाड्या निघाल्या. खिडकीला प्लाय लागलाय. टॉर्चची युक्ती भारी आहे, आमच्या घरातून बाहेर नक्षत्रं दिसतात असं कळलं. काकूंनी माळ्यावरून तीन रजया काढून दिल्या, म्हणाल्या, "विचारलंस एकदाचं." त्या पिंजायला दिल्यात, सासूबाई स्वतः रिक्षाने जाऊन दुकानात बसल्या होत्या आणि टाक्यांवरून कारागिराला दोनदा उसवायला लावलं.

झोपायची खोली आतली लहान ठरवलीय, तेलाचा हीटर घेतोय. आता प्रश्न असा की त्या खोलीत एकच जुनं दोन-पिनी-तीन-पिनी मिश्र सॉकेट आहे आणि गीझर त्याच्या पलीकडच्या भिंतीवर. एक्स्टेन्शन बोर्ड लावून चालेल का?

केदार_गच्चीवाला
नाही. अजिबात नाही. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, ते तापतं, प्लग चिकटतो, मग जळका वास. एक्स्टेन्शनची वायर त्याहून बारीक, आणि लोक ती गालिच्याखालून नेतात. हीटरला जाड पिनांचं १६ अँपिअरचं सॉकेट हवं, मेन बोर्डापासून वेगळी वायर ओढून, ४ स्क्वेअर मिलिमीटरची. जुन्या वाड्यात अर्थिंग आहे का तेही इलेक्ट्रिशियनला टेस्टर लावून दाखवायला सांगा, तिसरी पिन नुसती शोभेची असते बऱ्याच ठिकाणी. शक्य असेल तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, शॉक जिवावर बेतायच्या आत वीज तोडते. खर्च घरमालकिणीशी बोलून घ्या, वायरिंग त्यांच्याच घराचं सुधारतंय.

गीझर आणि हीटर एका वेळी नको. २५ लिटरचा गीझर, २००० वॅटचा, पाणी १५ वरून ४५ अंशांवर न्यायला अर्धा तासाच्या आत घेतो. रात्रभर चालू ठेवायची गरजच नाही. खाऱ्या पाण्याने एलिमेंटवर क्षार चढले असतील तर मात्र हा हिशोब कोलमडतो. सर्व्हिस करून घ्या आणि आतली मॅग्नेशियमची कांडी बघायला सांगा, ती झिजली की टाकी गंजायला लागते.

आणि कुणी तुम्हाला बादलीत सोडायचा रॉड सुचवला तर मूल असलेल्या घरात तो नको.

डॉ_चकली
सासूबाईंची अंघोळ सकाळी सातला नको, अकराला, ऊन आल्यावर. थंडीत रक्तदाब चढतो, गोळ्या चालू असतील तर एकदा तपासून घ्या. आणि न्हाणीघरातून खोलीपर्यंतच्या दगडी फरशीवर पायपुसणी टाका, ओल्या पायाने घसरून मांडीचं हाड मोडलेले रुग्ण मला थंडीतच जास्त दिसतात.

मनवा_लष्कर
केदार, काकूंशी बोलले. अर्धा अर्धा ठरलंय. इलेक्ट्रिशियन गुरुवारी येतोय. डॉक्टर, सासूबाईंना अकराची अंघोळ सांगितली तर म्हणाल्या, "पूजा काय बारा वाजता करू?" तुम्हीच समजवा.

नीलाक्का
देवाला सांगावं, जानेवारीपुरतं जरा उशिरा उठा. माझे देव ऐकतात.

भोपाळी_जर्दा
हा धागा भोपाळला पण लागू आहे का? आमचा बंगला नवा आहे, तळ्याच्या बाजूला, काचा मोठ्या आणि फॉल्स सीलिंग आहे.

जुना_ग्वाल्हेरकर
नवा धागा काढा साहेब. तुमचं दुखणं वेगळं आहे, मोठ्या काचा आणि तळ्याचा वारा. आणि केदारला तिथे बोलवा, तो अंश-बिंश काढून देईल.